विसरलं तरी चालतं

"म्हणा मामा."

"हवा साफ करतं."

"पुढं?"

"पानी कमी लागतं. उजेड कमी लागतो. रातच्याला…" बद्रीनाथ अडला. दोन्ही काखांत एकेक कुंडी होती आणि पानांची टोकं कानाला टोचत होती.

"रातच्याला ऑक्सिजन सोडतं. तेच विसरता तुम्ही. तेच ऐकून लोक घेतात. बेडरूममधी ठेवा म्हणायचं." काकासाहेबांनी मोबाइल खिशात घातला. बीड बायपासला लागून असलेल्या त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीच्या तुकड्यावर ही नर्सरी होती. मागं हिरव्या जाळीचा मांडव, पुढं कुंड्या, मध्ये खुर्ची.

बद्रीनाथनं कुंड्या लोडिंग रिक्षात ठेवल्या. स्नेक प्लांट. ताठ, तलवारीच्या पात्यासारखी पानं, कडेनं पिवळी किनार. रिक्षा भरली तरी एक पान हलत नव्हतं.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. दवाखाने, ऑफिसं, काही घरं नर्सरीतून झाडं भाड्यानं घेत. एसीत आणि ट्यूबच्या उजेडात पामची झाडं पंधरा दिवसांत दमत. टोकं करपत, पानं पिवळी पडत. मग बद्रीनाथ रिक्षा चालवत ताजी झाडं घेऊन जाई आणि दमलेली उचलून आणी. ती मांडवाखाली महिनाभर पडून राहत, शेणखत खात, पुन्हा हिरवी होत आणि पुन्हा कामावर जात. सगळ्यांना पाळी होती, रजा होती. त्याची बायको द्वारकाबाई म्हणायची, "तुमच्यापरीस त्या झाडाचं बरं. थकलं की घरी."

"हे दमत नाही मामा," काकासाहेब म्हणाले. "एकदा ठेवलं की विषय संपला. आज सगळीकडचे पाम उचला, हे ठेवा."

"मंग पंधरा दिसांनी?"

"कशाला जायचं पंधरा दिवसांनी?"

बद्रीनाथनं दोरी आवळली. गाठ मारली. ती सोडून परत मारली.

"मंग गाडी?"

"संध्याकाळी एक जण बघायला येतोय गाडी."

"अन् मी?"

"तुमचं बी बघू की. लगेच काय." काकासाहेब उठले, रिक्षाजवळ आले, आवाज जरा उतरवला. "दमयंतीबाईंची बिल्डिंग तेवढी अवघड आहे. त्या पामवाल्या. त्या नाही म्हटल्या की सगळी बिल्डिंग नाही म्हणणार. मग गाडी ठेवावीच लागंल, तेवढे पाम काय डोक्यावर नेता का? पण तुम्ही सांगा नीट. तुमचं ऐकतात त्या."

फायदा पाचवा: कचरा होत नाही

दातांच्या दवाखान्यात डॉक्टर अजून आले नव्हते. झाडलोट करणारी आवडाबाई फरशी पुसत होती. तिनं फडकं बादलीत टाकलं आणि कमरेवर हात ठेवून कुंडीभोवती फिरली.

"ह्ये काय आनलं? नागोबा?"

"स्नेक प्लांट."

"म्हंजे नागोबाच की वो. पानं गळत्यात का?"

"नाय."

"माती सांडती?"

"पानीच घालायचं नसतं लई. माती कुठून सांडंल?"

"मंग लई बेस झाड." आवडाबाईनं पामकडं बघून नाक मुरडलं. "ह्या बाबानं माझा जीव खाल्ला होता. रोज दोन पानं टाकनार, अन् डॉक्टर मलाच म्हननार, आवडा, तिकडं बघ." मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं. "म्हंजे तुमी आता येत नाय का?"

"कशाला यायचं?"

"या बया. त्यानं माझं काम कमी केलं, अन् तुमचं पार खाल्लं." ती हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "च्या घेता का? डॉक्टर यायचेत अजून."

"नको. लई ठिकानं हायेत."

फार ठिकाणं नव्हती.

फायदा तिसरा: उजेड कमी लागतो

विम्याच्या ऑफिसात पाम खिडकीशी असायचा. साहेबांनी कॉम्प्युटरवरून मान वर न करता विचारलं, "ह्याला ऊन नको ना?"

"नको."

"मग तिकडं ठेवा."

तिकडं म्हणजे बाथरूमच्या बोळात, बंद पडलेल्या झेरॉक्स मशिनच्या मागं. बद्रीनाथनं ठेवलं. जरा मागं सरून बघितलं. झाड ठेवलंय हे ज्याला माहीत नाही त्याला दिसलं नसतं. कुंडी थोडी पुढं ओढावी असं वाटलं. ओढली नाही. ह्याला चालतं.

फायदा पहिला, दुसरा, आणि बाकीचे

गारखेड्यातल्या त्या बिल्डिंगला लिफ्ट होती आणि ती बंद होती. दोन्ही गोष्टींची लोकांना सवय झाली होती. दमयंतीबाई तिसऱ्या मजल्यावर राहत. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या त्यालाही बरीच वर्षं झाली. पण बिल्डिंगमध्ये लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणत. बाईंनी घरात पाम ठेवला म्हणून जिन्यात पाम आले, मग समोरच्यांकडं, मग खाली. सोसायटीची बैठक बाईंच्याच हॉलमध्ये भरायची आणि ती बाईंनी मान डोलावली की संपायची.

बद्रीनाथनं खांद्यावरची कुंडी दाराशी उतरवली. श्वास खाली बसेपर्यंत थांबला, मग बेल दाबली.

दार उघडायला वेळ लागला. बाईंच्या डाव्या मनगटाला प्लॅस्टर होतं.

"बाई! ह्ये काय?"

"या. काही नाही हो. परवा पहाटे नळ आला. नऊ दिवसांनी आला, तर कशाकशात भरून ठेवायचं? ड्रम जेमतेम चतकोर भरला, भांडी भरली. म्हटलं पामलाही देऊन टाकू दोन तांबे. बादली घेऊन गॅलरीत निघाले आणि पाय सरकला." त्यांनी हात जरा वर करून दाखवला, मुलीनं नवी बांगडी दाखवावी तसा. "आधी बादलीच धरली हो मी. पाणी सांडू नये म्हणून. मग हातावर पडले."

"अन् पानी?"

"सांडलंच."

दोघं हसले. हसणं फार टिकलं नाही.

"हे काय आणलंत?" बाईंनी चष्मा सरळ केला.

बद्रीनाथ आत येऊन उभा राहिला. दोन्ही हात मोकळे होते म्हणून त्याला अवघडल्यासारखं झालं. त्यानं ते पाठीमागं बांधले आणि सुरू केलं. "ह्ये स्नेक प्लांट. हवा साफ करतं. पानी कमी लागतं. उजेड कमी लागतो. रातच्याला ऑक्सिजन सोडतं. बेडरूममधी ठेवा."

"कोणी सांगितलं?"

"काकासाहेबांनी."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"मोबाइलनं."

"अस्सं." बाई खुर्चीत बसल्या. शाळेतला आवाज आला होता. "सगळं खोटं नाही. ही जात रात्री कार्बन डायऑक्साइड घेते, ते खरं. पण एक कुंडी बेडरूममध्ये ठेवली म्हणून माझा श्वास सुधारायचा नाही. खोलीभर ठेवली तर मी कुठं झोपू?"

"तेबी खरं."

"आणि बद्रीनाथ, हे झाड वाटतच नाही हो. कोणीतरी कापून उभं करून ठेवल्यासारखं वाटतं. हलत नाही." त्यांनी पंख्याखालच्या पामकडं पाहिलं. त्याची टोकं करपली होती, तरी पानं सावकाश वरखाली होत होती. "हा बघा. दुपारी वाचता वाचता वर बघितलं, की घरात काहीतरी हलत असतं."

बद्रीनाथनंही पामकडं पाहिलं. इथं थांबलं असतं तरी झालं असतं. बाई स्वतःच नको म्हणत होत्या. त्यानं एवढंच म्हणायचं होतं, बरं बाई, जशी तुमची मर्जी. खाली जायचं, रिक्षातून ताजा पाम आणायचा. एक आणलाच होता त्यानं, काकासाहेबांना न विचारता, गोणपाटाखाली झाकून.

"आणि बदलायचं कधी हे?" बाईंनी विचारलं.

"बदलायचं नाय."

"म्हणजे?"

"ह्ये दमत नाय. एकदा ठेवलं की…" त्यानं पुढचं गिळलं.

बाईंनी त्याच्याकडं बघितलं. मुलगी घरचा अभ्यास न करता बाकावर उभी असली की बघत असतील तसं, आधी कडक आणि मग तसं नाही.

"मग तुमचं काय?"

"माझं बघू म्हनलेत."

"बघू म्हणजे नाही. चाळीस मुलींच्या आयांना मी बघू म्हणालेय, मला माहितीय." बाई उठल्या. "न्या हे परत. काकासाहेबांना सांगा, बाईंना पामच पाहिजे. बिल्डिंगमध्येही पामच राहतील. मी सांगते सगळ्यांना. झालं?"

झालं होतं. रिक्षा राहिली होती. पंधरा दिवसांनी परत हाच जिना, मग परत. द्वारकाबाईला घरी जाऊन काही सांगावं लागणार नव्हतं.

"ताजा आहे का खाली?" बाईंनी विचारलं. "आणा की मग. मी पाणी देते याला तोवर, जाताना तहानलेला नको." आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

आतून ड्रमचं झाकण सरकल्याचा आवाज आला. मग तांब्या ड्रमच्या तळाला लागल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. बद्रीनाथ दारापर्यंत गेला. बाई ड्रमवर वाकल्या होत्या; प्लॅस्टरचा हात छातीशी धरलेला, दुसरा खांद्यापर्यंत आत. टाचा वर उचललेल्या. ओली फरशी.

"बाई, राहू द्या."

"येतंय, येतंय."

"बाई, राहू द्या म्हनतो ना." त्याचा आवाज चढला. या घरात कधी चढला नव्हता. बाई सरळ झाल्या. तांब्यात अर्ध्याहून कमी पाणी होतं.

"पुढचं पानी कधी?"

"आलं तर आठ दिवसांनी."

"अन् ह्यो पाम रोज पितो. जिन्यातले सात-आठ बी रोज पितेत. तुमी हातानं अशा. खालच्या मजल्यावरची आज्जी काठी टेकीत मगातून पानी आनून घालती, मी बघितलंय." तो थांबला. त्याला दम लागला होता, जिना चढताना लागला नव्हता तेवढा. "ह्येच ठिवा."

"मला नाही आवडत ते."

"नका आवडू देऊ."

बाईंनी तांब्या ओट्यावर ठेवला. "खरं सांगा. तुमच्या घरी ठेवायचं असतं, तर कुठलं ठेवलं असतं?"

"ह्येच."

"हलत नाही तरी?"

"आमच्याकडं तर नळच नाय बाई. टँकर येतो."

बाई बाहेर आल्या आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"पाणी किती द्यायचं?"

"महिन्यातून एकदा. एक तांब्या. माती सुकली का बोट घालून बघायचं, मंगच. विसरलं तरी चालतं." त्यानं पाम एका बाजूला घेतला आणि त्या जागी स्नेकची कुंडी सरकवली, पिवळी किनार उजेडाकडं येईल अशी. "ह्ये दुर्लक्षानं मरत नाय. लई जीव लावला, रोज पानी घातलं, की मुळी सडून मरतं. तेवढं बाकीच्यांनाबी सांगा. लोक ऐकत नाय. पानी नसतं त्या गावात लोक झाडाला लई पानी घालतेत."

"सांगते."

"अन् महिन्या-दोन महिन्यानं पानं पुसायची. वल्ल्या फडक्यानं. खालून वर. एका हातानं जमतं."

त्यानं पाम खांद्यावर घेतला. वजनाला तो हलकाच होता. कुंडीतली माती कोरडी ठणठणीत होती. बाई दारापर्यंत आल्या.

"आता कधी…" त्या म्हणाल्या.

"तुमचा हात बरा होऊ द्या," बद्रीनाथ म्हणाला. हे कशाचं उत्तर होतं ते दोघांनीही विचारलं नाही.

फायदा

जिन्यातले पाम उचलून तिथं स्नेक ठेवायला आणि घराघरांत तेच तेच सांगायला दुपार गेली. कोणी काही विचारलं नाही. बाईंनी होकार दिलाय म्हटल्यावर लोक दार धरून उभे राहत आणि बोटानं जागा दाखवत.

"बाई तयार झाल्या?" काकासाहेब खुर्चीतून उठलेच. "काय सांगता! कशा काय?"

"सांगितलं."

"ऑक्सिजनचं?"

"पानी कमी लागतं म्हनलं."

"बघा! मामा, तुम्ही सेल्समन व्हायला पाहिजे होता. इतकी वर्षं वाया घालवली."

रिक्षा बघायला आलेला माणूस टायरला लाथा मारत उभा होता. बद्रीनाथनं सगळे पाम उतरवून मांडवाखाली नेले. दवाखान्यातला, विम्याच्या ऑफिसातला, जिन्यातले, बाईंचा. गोणपाटाखालचा ताजा पामही त्यांच्याच ओळीत ठेवला. नळी सोडून त्यांना पाणी घातलं. उद्या ते किरकोळीला लावायचे होते, रस्त्याच्या कडेला, जाणाऱ्यायेणाऱ्यांसाठी.

किल्ली दिली. माणसानं रिक्षा सुरू करून आवाज ऐकला आणि मान हलवली.

"फोन करतो मामा," काकासाहेब म्हणाले.

"व्हय."

बायपासवर त्यानं हात केला. शेअर रिक्षा थांबली. मागं दोन बाया आणि एक भाजीची पिशवी होती. त्यांनी सरकून जागा केली. बद्रीनाथ गुडघे जवळ घेऊन बसला. मागून रस्ता बघायचा म्हणजे रिक्षावाल्याच्या खांद्यावरून बघावा लागत होता.

देवळाई चौकात उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. बद्रीनाथचा उजवा पाय एकदम खाली दाबला गेला. पायाखाली ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता. रिक्षा थांबली, ती पुढच्या माणसानं थांबवली होती.

ट्रॅक्टर निघून गेला, त्याच्या मागची ट्रॉलीही गेली. रिक्षा पुन्हा चालू लागली. पाय मात्र बराच वेळ तसाच दाबलेला राहिला.