दाराशी बसणारी गोधडी

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. अंगावर घ्यायची नव्हे, बसायची. हातभर लांब, हातभर रुंद. कुरखेड्याजवळच्या एका गावात, गुणाबाईच्या घरच्या खुंटीवर मी राहते.

दोन जुनी लुगडी आणि मध्ये धोतराचे थर घालून गुणाबाईने मला शिवले. इतकी जाड कशाला, ते पहिल्याच हरिनाम सप्ताहात कळले. तिची चार बाळंतपणे झाली होती, आणि दर वेळी सव्वा महिना सरताच ती धानाच्या रोवणीत वाकली होती. आता खोकला आला, हसू आले, ओझे उचलले की तिला नकळत लघवी सुटे. मी ती टिपून घेई. हे आम्हा दोघींनाच माहीत होते.

कीर्तन म्हणजे तिचा जीव की प्राण. पूर्वी ती वीणेकऱ्याजवळ बसे, मग दाराशी बसू लागली. रामाजी महाराजांनी गमतीचा दृष्टांत दिला की सारा मांडव हसे. गुणाबाई तेवढी ओठ दाबून, माझी कड मुठीत धरून बसे. सप्ताहात ती दिवसभर पाण्याला शिवत नसे. एकदा कोणी गिलास पुढे केला, तेव्हा "उपास हाये" म्हणाली. खोटे ती एकदाच बोलली, पुढे गावच बोलत राहिले. निर्जळी करणारी म्हणून बाया तिच्या पाया पडू लागल्या, महाराज कीर्तनात तिचे नाव घेऊ लागले. तेव्हा ती कशी आक्रसून जाई, ते मी तिच्याखाली होते म्हणून मला ठाऊक. भरले घर, भरला मांडव, आणि सांगायला कोण? एक गोधडी.

मला रोज धुऊन माझा काठ विटला. एकदा सून रश्मीने मला दोरीवरून काढले.

"आई, पाणी तं पेत नाई तुमी, मंग हे रोज ओली काऊन?"

गुणाबाईची मान खाली गेली. रश्मीने तोंड वाकडे केले नाही. हळूच म्हणाली, "माह्या प्रणितच्या बाळंतपणाच्या वक्ती मलेबी असंच झालं होतं. बुधवारी दवाखान्यात चाला."

तिथे दिव्यानी मॅडम व्यायामाने उपचार करत. त्यांनी तपासून समजावले, की ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, ती बाळंतपणात सैल पडते, आणि रोजच्या व्यायामाने पुन्हा बळ धरते. पाणी तोडून तर त्रास वाढतोच. मग घरी मला भुईवर पसरून गुणाबाई निजे आणि पोटातला वारा अडवावा तसे आतून वर ओढे. पण ओढताना श्वासच कोंडून धरी, चेहरा लालबुंद. पुढच्या बुधवारी मॅडम म्हणाल्या, "आजी, नाम म्हणत ओढा. गाणाऱ्याचा श्वास कोंडत नाही."

त्या दिवसापासून चार वेळा 'विठ्ठल' म्हणेपर्यंत आवळायचे, तेवढाच वेळ सोडायचे. तीन महिने गेले. हळूहळू मी कोरडी राहू लागले.

पुढच्या सप्ताहात गोपालकाल्याचे कीर्तन होते. गुणाबाई सवयीने दाराशीच बसली. महाराजांनी पुन्हा तिच्या उपासाचे कौतुक केले, आणि तिच्याशेजारी बाळाला पाजत बसलेल्या पुनमने हातातला पाण्याचा गिलास न पिताच खाली ठेवला.

गुणाबाई उठली. तो गिलास उचलून पुनमच्या हाती दिला.

"पे बाई, लेकरू हाये अंगावर. महाराज, तो उपास नोता. लघवी सुटे मनून पाणी तोडलं होतं म्या. आता व्यायाम चालू हाये."

महाराजांनी तिला हात जोडले. मग म्हणाले, "गुणाबाई, इतके वर्ष बोललो मी, पन खरं आज तुमी बोलल्या. या, पुढी बसा." आणि स्वतः लोटाभर पाणी पिऊन म्हणाले, "तीन घंटे उभा रायतो मी. मलेबी लघवीले जा लागते, पन महाराजाले कोन विचारते?"

सारा मांडव हसला. वीणेकऱ्याजवळ बसलेली गुणाबाईही हसली, पोट धरधरून. मी मात्र दाराशीच राहिले होते, रिकामी, कोरडी.

आता मी खुंटीवरच असते. दिवस जाता जात नाही. मित्रांनो, तुमच्या घरी कोणी पाणी टाळत असेल, दाराशी बसत असेल, हसताना ओठ दाबत असेल, तर लगेच पाया पडू नका. आधी जवळ बसा आणि विचारा. गोधडीला टिपता येते, विचारता येत नाही.