कुवाबाराचा दहावा गोल

नोबुयुकी कुवाबारा सकाळपासून चौथ्यांदा बुटाची नाडी सोडून बांधत होता. नाडीला काही झालं नव्हतं, माणसालाच झालं होतं. चौतीस वर्षांचा बाप्या, पंधरा हंगाम व्यावसायिक फुटबॉल खेळलेला, सहा क्लबांचं पाणी प्यालेला, आणि आज अंगावर एकोणचाळीस नंबर चढवून घामाघूम झालेला. तेही डिसेंबरात, समुद्रावरून बोचरा वारा सुटलेला असताना.

हंगाम संपला की आमच्याकडे क्लबवाले एकेका खेळाडूला बोलावतात, चहा पाजतात आणि "आजवर खेळलात त्याबद्दल आभार" म्हणत कमरेत वाकतात. ज्यांच्यापुढे असं वाकलं गेलं, म्हणजे ज्यांना नारळ मिळाला, ते सगळे मग डिसेंबरात एका मैदानावर चाचणीला गोळा होतात. अनोळखी लोकांचे सात-सातचे संघ पाडतात, प्रत्येकाला पंधरा मिनिटांचे दोन सामने मिळतात आणि वर स्टँडमध्ये देशभरच्या क्लबांची माणसं वह्या उघडून बसतात. कुणाच्या मनात भरलात तर आठवड्याभरात फोन येतो. नाही आला तर समजायचं, आटोपलं.

कुवाबाराला अजून एक वर्ष हवं होतं. फक्त एक. गुडघे शाबूत होते, दम होता, आणि खरं सांगायचं तर फुटबॉल सोडून त्याला दुसरं काही येतच नव्हतं. सासऱ्यांनी ओळखीच्या एका गोदामात त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती. त्या गोदामाचं नुसतं नाव निघालं तरी तो विषय बदलायचा.

आता भानगड अशी, की हा मिडफिल्डर. तोही मधोमध उभा राहून दुसऱ्यांना चेंडू पुरवणारा. पंधरा वर्षांत स्वतःचे गोल किती? नऊ! त्याच्या पासांवर नाव काढून दोन स्ट्रायकर युरोपात गेले, एकाचा फोटो शीतपेयाच्या बाटलीवर झळकला. कुवाबाराचा फोटो आला तो क्लबच्या कॅलेंडरवर, फेब्रुवारीत, मागच्या रांगेत.

म्हणूनच काल मात्सुएच्या घरून निघताना त्याच्या बायकोनं, सावाकोनं, त्याला दारातच धरलं होतं.

"हे बघ नोबु, उद्या कुणाला पास-बिस देत बसू नकोस."

"अगं, माझं कामच ते—"

"काम गेलं खड्ड्यात! वर बसलेल्यांना गोल दिसतो. पास कुणाच्या बापाला दिसत नाही. जन्मभर लोकांच्या ताटात वाढत आलास, उद्या एकदा तरी स्वतःच्या ताटात वाढून घे. कबूल कर."

केलं कबूल. तिचे डोळे भरून आले होते, दुसरं काय करणार बिचारा?

पण सवय मेली जाते कुठे! पहिला सामना सुरू झाला आणि चेंडू पायाशी आला रे आला की त्यानं तो दुसऱ्याला दिलेलाच असायचा. बाकीचे सहा जण म्हणजे सहा वेडे. ज्याला चेंडू मिळेल तो गोलकडे तोंड करून हाणतोय, मग अंतर असो नसो. त्या गोंधळात कुवाबारानं ओकाबायाशीला तीन पास असे दिले, की आंधळ्यानंही गोल मारावा. ओकाबायाशी त्याच्या जुन्या क्लबमधला स्ट्रायकर, तेहतिशीचा, डोक्यावर चकाकतं टक्कल.

"कुवा, तू देत राहा, मी आहेच," सामना संपल्यावर तो धापा टाकत म्हणाला.

"आहेस ना? तीन दिले. तिन्ही समुद्राला पोचवलेस."

"वारा रे! दुसऱ्या सामन्यात एक तरी घालतो. घालायलाच हवा. माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नाहीये."

कुवाबारानं वर नजर टाकली. तिसऱ्या रांगेत नित्ता बसला होता. नित्ता म्हणजे पूर्वी या दोघांच्या संघाचा कर्णधार, आता तिसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबसाठी खेळाडू निवडणारा. तो खाली मान घालून भराभरा लिहीत होता. मग फोन कानाला लावून उठून गेला. ओकाबायाशीबद्दलच असणार, कुवाबाराला वाटलं. शॉट तरी मारले त्यानं. मी काय केलं? काहीच नाही! सावाकोचं बरोबर होतं, शंभर टक्के बरोबर होतं.

मधली चाळीस मिनिटं त्याला खायला उठली. तीनदा संडासाला जाऊन आला. ओनिगिरीचा, म्हणजे भाताच्या मुटक्याचा, एक घास घेतला आणि उरलेली परत कागदात गुंडाळली. बसवेना, उभं राहवेना. फोनवर सावाकोचा निरोप आला होता: "विसरू नकोस!!!" बायकोनं तीन उद्गारचिन्हं घातली होती.

दुसऱ्या सामन्यात चौदाव्या मिनिटापर्यंत कुणाचाच गोल झाला नाही. मग मध्यावर चेंडू सुटला आणि कुवाबाराच्या पायात आला. समोरचा एक आडवा आला, त्याला त्यानं चकवलं. गोलकीपर पुढे धावला. डावीकडे ओकाबायाशी एकटा उभा, पुढ्यात सताड उघडा गोल, हात वर करून बोंबलतोय, "कुवा! कुवा!"

कुवाबाराला तो दिसला. मान न वळवता दिसला, पंधरा वर्षं सगळे सोबती दिसत आले तसाच. आणि त्यानं शॉट मारला.

चेंडू खांबाला आतून लागून जाळ्यात गेला आणि शिट्टी झाली. स्टँडमध्ये कुणीतरी चार टाळ्या वाजवल्या. ओकाबायाशीनं हात हळूहळू खाली घेतला.

"छान मारलास," तो म्हणाला, आणि त्याच्याकडे न बघताच पाण्याच्या बाटल्यांकडे चालू लागला.

बाहेर फाटकाशी नित्ता वाट बघत होता. दोन्ही हातांत मशीनमधून घेतलेले गरम कॉफीचे छोटे डबे. एक त्यानं कुवाबाराला दिला. माणूस उगाच का कॉफी देईल?

"पहिल्या सामन्यानंतर मी आमच्या प्रशिक्षकांना फोन केला," नित्ता म्हणाला. "म्हटलं, माणूस सापडला."

"ओकाबायाशी?"

"ओकाबायाशी कशाला? तू! मारणारे आमच्याकडे चार आहेत, सगळे झापडं लावलेले. मला आजूबाजूला बघणारा हवा होता." त्यानं कॉफीचा घोट घेतला. "शेवटी तो डावीकडे मोकळा होता. दिसला नाही का तुला?"

नाही म्हणावं तर नजर गेली, हो म्हणावं तर नियत. पण नित्तासमोर खोटं बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती.

"दिसला होता, नित्तासान."

"मला वाटलंच."

"बाकी सगळे तेच करत होते. मला वाटलं, इथे—"

"अरे, एक शॉट मारलास म्हणून मी तुला फाशी देत नाहीये. पण तुझ्यासाठी मला तिथे भांडायचं होतं. चौतीस वर्षांचा गडी घेऊन करू काय, असं ते विचारणार. मी सांगणार होतो, हा मेला तरी पास देईल. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

नित्तानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जरा वेळ ठेवला, आणि मग तो एक पाऊल मागे सरून कमरेत वाकला. "इतकी वर्षं खेळलास, त्याबद्दल आभार. थंडी आहे, अंगात काहीतरी घाल."

तो गेला. फोन करतो, असं म्हणाला नाही.

कुवाबारा बसथांब्यापर्यंत चालत गेला, तिथून परत फाटकापर्यंत आला, पुन्हा थांब्याकडे निघाला. पाय थांबेनात. तेवढ्यात फोन वाजला. सावाको. ती कामाला होती त्या दातांच्या दवाखान्यातूनच बोलत होती, मागे दात कोरायच्या मशीनची घरघर चालली होती.

"झालं? सांग ना! मारलास का गोल?"

"मारला."

"मारला?" ती किंचाळलीच. "डॉक्टर, मारला हो! ह्यानं गोल मारला!" पलीकडे कुणीतरी टाळ्या वाजवल्या, घरघर थांबली. "बघ, मी म्हटलं नव्हतं? सांग, म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंस."

"स्वतःच्या मनानं कधी मारला नसतास तू. पास देऊन मोकळा झाला असतास."

"हो," कुवाबारा म्हणाला. "तुझं ऐकलं, बरं झालं."

त्यावर ती रडायलाच लागली, आणि तो तिला गप्प करत राहिला.