कोरड्या तोंडाची साक्ष

मित्रांनो, मी लाळ तपासणारी एक जुनी पट्टी आहे. माणसाने गांजा, अफू असली नशा केली आहे का, हे त्याच्या लाळेवरून सांगण्यासाठी माझा जन्म झाला. एका टोकाला कापसाचा बोळा, दुसऱ्या टोकाला लहानशी खिडकी. बोळा तोंडात चिंब भिजला की खिडकीत रेघा उमटतात. दोन रेघा म्हणजे माणूस निर्मळ. नुसती वरची आली, तर नशेचा संशय. एकही आली नाही, तर तपासणीच फुकट. नवी पट्टी घ्यायची. सोबतच्या कागदावर हे सारे चित्रे काढून सांगितलेले असते.

२००४ साली मी रत्नागिरीत आले. बोटींवर खलाशी पाठवणाऱ्या एका कचेरीत अद्नान नावाचा कारकून आमची पेटी सांभाळी. "पट्टी कधी खोटं बोलत नाही," असे तो सर्वांना सांगे. ते ऐकून मी फुलून जाई. किती भोळी होते मी!

रमजानचे दिवस होते. दुपारी चारला झुबेर खलाशी तपासणीला आला. त्याला चार दिवसांनी बोटीवर चढायचे होते. पूर्वी एका बोटीवर अद्नान पहाऱ्याच्या वेळी झोपला होता. झुबेरनेच ते वर कळवले आणि अद्नानचा समुद्र कायमचा सुटला. ती सल अद्नानने जपून ठेवली होती.

"भाई, दिवस बुडून मगरिबची बांग झाल्यावर घे ना. पहाटेपासून पाण्याचा घोट नाय. तोंडात लाळ कुठली?"

"तेव्हा कचेरी बंद असते, शेठ. आ कर."

झुबेरची जीभ उन्हातल्या कातळासारखी कोरडी होती. मी टेकते न टेकते तोच अद्नानने मला बाहेर ओढले.

"रेघ नाही! गांजा ओढून रोजे धरतोस काय रे?"

बाहेर बसलेले खलाशी फिदीफिदी हसले. अद्नानने झुबेरच्या कागदावर 'नशा आढळली' असे लिहिले. आता त्याला कुठलीच बोट मिळणार नव्हती. मग अद्नानने माझे पाकीट, सोबतचा चित्रांचा कागद आणि मला झुबेरच्या अंगावर फेकले. "ने, बायकोला दाखव."

मित्रांनो, मी एक अक्षरही बोलले नव्हते. माझ्या तोंडी दुसऱ्याचे खोटे घातले गेले. त्या क्षणापासून मला एकच ध्यास लागला: सूड.

घरी झुबेदाने, झुबेरच्या बायकोने, कागदावरची चित्रे माझ्या खिडकीशी लावून पाहिली. "हिच्यात एक पण रेघ नाय. म्हणजे तपासणी झालीच नाय!"

"दात पाडतो मी त्याचे."

"दात राहू देत. त्याला तोंड उघडायला लाव."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दोघे कचेरीचे प्रमुख मजीद कप्तान यांच्यापुढे उभे राहिले. झुबेदाने मला आणि चित्रांचा कागद टेबलावर ठेवला. "चाचा, ह्यांची तपासणी परत करा. पण आधी अद्नानभाईंची करा. तपासणाऱ्याची नको काय?"

मजीद कप्तानांनी कागद नीट वाचला. ते दाढीआड हसले. "अद्नान, बस तपासणीच्या खुर्चीत. झुबेर, तू घे."

झुबेरने नवी पट्टी अद्नानच्या जिभेवर टेकवली, झटकन काढली आणि दारात उंच धरली. "बघा रे, रेघ नाय! कारकुनाने गांजा ओढला!"

कालचेच खलाशी आज त्याला हसले. अद्नान घामाघूम होऊन उठला. "चाचा, माझा रोजा आहे! ह्याने बोळा भिजूच दिला नाही. कोरड्या तोंडात रेघ येईल कशी?"



"हे तुला काल ठाऊक नव्हतं?" मजीद कप्तानांनी विचारले.

अद्नान त्याच खुर्चीत परत बसला. मला असा आनंद झाला की सांगता सोय नाही!

त्या संध्याकाळी कप्तानांनी कचेरी उघडी ठेवली. मगरिबची बांग होताच झुबेरने रोजा सोडला, चूळ भरली आणि दहा मिनिटे थांबला. तिसऱ्या पट्टीवर दोन ठसठशीत रेघा आल्या. अद्नानला स्वतःच्या हाताने कालचा शेरा खोडावा लागला. पेटीची किल्लीही गेली. ठरल्या दिवशी झुबेर बोटीवर चढला.

आता माझा कापूस पिवळा पडला आहे. सूड वाईट, असे मोठी माणसे सांगतात. असेलही. पण मित्रांनो, कुणाला पारखायची वेळ आली, तर आधी कागद वाचा आणि बोळा भिजेपर्यंत थांबा. आणि मुक्या वस्तूच्या नावाने कोणी खोटे बोलला, तर त्याला नुसता सोडू नका. एकदा त्याच खुर्चीत बसवा.