बिझेनची फुलदाणी, पांडेसऱ्याची पिकदाणी

मी एक जुनी जपानी फुलदाणी आहे आणि मित्रांनो, मला माणसांची किळस येते. असं तोंडावर बोलू नये, ठाऊक आहे. पण माझ्या तोंडात जे पडलं ते तुमच्या पडलं असतं, तर तुम्हीही गोड बोलला नसता.

माझा जन्म जपानातल्या बिझेनचा. तिथं भांड्यांना चकाकीचा लेप देत नाहीत. ओकादा नावाच्या म्हाताऱ्या कुंभारानं मला चाकावर उभं केलं आणि आत दोन बोटं घालून माझं पोट घडवलं. त्या बोटांचे वळसे माझ्या आत अजून आहेत. मग भाताचा पेंढा गुंडाळून त्यानं मला भट्टीत ठेवलं. बारा दिवस लाकडं जळत होती. पेंढा जळून गेला, त्याच्या तांबड्या रेघा माझ्या अंगावर राहिल्या. रंगाचा एक थेंब नाही, सगळी विस्तवाची करणी. "रोज पाणी भर, एक फूल ठेव. जुनी होईल तशी ही देखणी होईल," असं सांगून म्हाताऱ्यानं मला मुलाच्या हाती दिलं.

मुलगा इंजिनिअर. १९९२ साली तो सुरतेजवळच्या सचिन गावी एका कारखान्यात माग बसवायला आला. तिथं आठ महिने खानदेशातला सुकदेव त्याचा फिटर होता. निघताना ओकादा साहेबानं मला सुकदेवच्या हातांत ठेवलं. "पिताजी ने बनाया है, सुकदेवभाई. आपके लिए." सुकदेवचे डोळे भरून आले. तेव्हा मला तो माणूस आवडला होता, हे कबूल करते.

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या खोलीत त्याच्या बायकोनं, सुंदरानं, मला उलटंपालटं करून पाहिलं. "हाई ते जळेल शे! लोके काय म्हनतीन?"

तरी तिनं मला खाटेजवळच्या फळीवर मानानं बसवलं. पुढं श्रावण आला. खानदेशी घरात कानबाई बसवायची म्हणजे आधी घर उजळायचं. भिंतींना चुना, दाराला रंग, भांडी घासून लख्ख. देवीसमोर जळकं भांडं कसं चालेल? दाराच्या नक्षीसाठी आणलेला सोनेरी रंग उरला होता. सुंदरानं तो मला डोक्यापासून पायापर्यंत फासला आणि तोंडात प्लास्टिकचे गुलाब कोंबले. शेजारच्या सरलाबाई म्हणाल्या, "आते कशी लक्ष्मीसारखी दिसस!" मला ओकारी आली. पण फुलदाणीला ओकता येत नाही, तीच तर अडचण.

सुंदराला मी माफ केलं. तिनं केलं ते भक्तीनं केलं. सुकदेवला मात्र कोणत्या तोंडानं माफ करू?

त्याच्या गालात सदा तंबाखूचा तोबरा. गटार दारापासून दहा पावलांवर. पण पाळीवरून दमून आलेल्या माणसाला दहा पावलं लांब वाटतात आणि मी खाटेला लागूनच. एका दुपारी त्यानं गुलाब उचलले, इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्यात पचकन थुंकला. मग रोजचंच झालं. शिळी, कोमट, चिकट थुंकी! आठवड्याला गुपचूप गटारात उपडी करायचा, विसळायचासुद्धा नाही. पाहुणे आले की मिरवायचा, "साहेबनी भेट शे!" आणि पाहुण्यांची पाठ वळली की पिंक. वरून कीर्तन, आतून तमाशा. सुंदरा रोज गुलाबांवरची धूळ पुसायची आणि वासाचा दोष तुंबलेल्या गटाराला द्यायची.

तीन वर्षांनी ओकादा साहेब परत आला. सुंदरानं त्याच्यासाठी मांडे केले. तो खाली बसला आणि म्हणाला, "पिताजी गुजर गए. ये उनकी आखिरी भट्टी का है. अंदर उनकी उँगली का निशान है. एक बार छूना है."

इतक्या लांबून तो त्यासाठीच आला होता. सुकदेव धडपडत उठला, पण साहेब फळीपाशी पोचलाही होता. सोनेरी रंग पाहून तो क्षणभर थबकला, मग हसला. गुलाब काढून त्यानं बाजूला ठेवले, डोळे मिटले आणि बापाच्या बोटांच्या जागी आपली दोन बोटं फिरवली.

बाहेर आली ती पेरांपर्यंत तपकिरी झालेली.

सुंदरानं आधी ती बोटं पाहिली, मग नवऱ्याचा फुगलेला गाल. "तुम्ही यामा थुकतस?"

सुकदेवच्या तोंडात तेव्हाही तोबरा होता आणि थुंकायला आता जागा नव्हती. त्यानं तो गिळला.

साहेबानं नळावर हात धुतले. परत येऊन गुलाब एकेक करून माझ्यात नीट लावले आणि मला वाकून नमस्कार केला. सुकदेवनं मला उचलून त्याच्यापुढं धरलं. "साहेब, ले जाओ."

"नहीं. दिया है, तो आपका है." एवढंच म्हणून तो निघून गेला.

त्या दिवसापासून सुकदेव तंबाखूला शिवलेला नाही. सोनेरी रंग त्यानं रॉकेलनं खरवडला, तरी चट्टे राहिलेच. रोज सकाळी लिंबू नि राखेनं मला आतून घासतो, चाफ्याचं एक फूल ठेवतो. संध्याकाळी पाण्याला तंबाखूचा वास येतोच. माझी माती पाजाल ते पिते आणि विसरत नाही.

मित्रांनो, मला जपा असं सांगायची वेळ गेली. पण कुठं जिन्यात, भिंतीवर, एखाद्या कोपऱ्यात तोंड रिकामं करायचं मनात आलं, तर आधी त्या जागी हात फिरवून बघा. तिथं कोणाच्या तरी बापाची बोटं उमटलेली असतात.