भाकड महिन्यांतले तळे

मित्रांनो, मी इथिओपियातल्या सिदामाच्या डोंगरउतारावरचे एक जुने तळे आहे. पण माझ्यात कमळे नाहीत. वरच्या केंद्रात कॉफीची फळे धुतात, ते सांडपाणी निवळायला मला खोदले. तळाशी चिकणमाती चोपली, कडेने लव्हाळे लावले. माझ्या गाळातले, डोळ्यांना न दिसणारे जंतू घाण खातात. सुरुवातीला केंद्राचा मुकादम हमेसो पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवायचा.

माझे आयुष्य मात्र मला कधीच उमगले नाही. हंगामात तीन महिने आंबट पाणी धो धो येते. मग नऊ महिने त्या पाण्याचा थेंबही नाही. गाळाला भेगा पडतात, जंतू उपाशी मरतात. पुढच्या हंगामाचा पहिला लोंढा आला की मी भांबावून जाई आणि ती घाण जशीच्या तशी ओढ्यात उतरे. एका वर्षी खालच्या वस्तीतली गुरे ओढ्याला तोंड लावेनात. पोरांच्या पायांना खाज सुटली. लोक भांडायला आले, तेव्हा हमेसोने सगळा दोष माझ्यावर ढकलला. पुन्हा असे झाले तर हा खड्डाच बुजवू, म्हणाला. मग पाणी कुठे जाणार, ते मला कळेना.

केंद्रात फळे निवडणारी शिताये त्याच वस्तीतली. हंगाम सरल्यावर ती दर आठवड्याला शेणकाला आणि घरचे खरकटे पाणी माझ्यात ओतू लागली. मला वाटले, रागाने माझी विटंबना करते आहे.

हमेसो हसला. "मावशी, खड्ड्याला जेवण वाढतेस होय? आता लग्नही लावून दे त्याचं."

"भाकड गाईला तू उपाशी ठेवतोस का रे?" तिने विचारले. "मग व्याल्यावर ती दूध कुठून देईल?"

हंगाम आला. पहिल्या आठवड्यात पाणी थोडे थोडेच सोडायचे, हे तिने भांडून त्याच्याकडून कबूल करून घेतले. माझ्यात ते फसफसले, हळूहळू निवळले. त्या वर्षी गुरे ओढ्यावर पाणी प्यायली. मध्येच अवेळी पाऊस कोसळला, मी भरून वाहिले आणि ओढा दोन दिवस गढूळ झाला. तरी कोणी मला शिव्या दिल्या नाहीत, याचेही मला कोडेच पडले.

यंदा शितायेच्या गुडघ्यांनी दगा दिला. तिला चढ चढवेना. परवा दुपारी हमेसो स्वतःच बादली घेऊन आला, कोणी बघत नाही ना ते पाहिले आणि बाह्या सारून शेण कालवू लागला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना काम नसतानाही सांभाळा. काम का येते, का थांबते, हे मला आजही समजत नाही. भूक मात्र समजते.