सकाळी न भरणारी बॅटरी

प्रिस्किला नवापूरकडची. मोलगीच्या वरच्या एका पाड्यावर उपकेंद्रात नर्स म्हणून आली, तेव्हा तिने विजेवर चालणारी स्कूटर घेतली. बॅटरी काढता येणारी, सोबत फास्ट चार्जर. रात्री विजेचा भरवसा नसायचा, म्हणून ती सकाळी सहाला चार्जर लावायची. तासाभरात बॅटरी बरीचशी भरायची आणि ती लसीकरणाला निघायची.

डिसेंबरात हे बिघडलं. तास झाला तरी आकडा जेमतेम सहा-सात टक्क्यांनी वाढायचा. एका रविवारी ती चार्जर आणि बॅटरी घेऊन जीपने अक्कलकुव्याला नासिरच्या गाड्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुपारची वेळ होती. नासिरने चार्जर लावला आणि आकडा भराभरा चढू लागला.

"सिस्टर, चार्जरमा काहीच खराबी नई शे," तो म्हणाला. "तुमच्याकडे व्होल्टेज कमी असेल."

त्याने तिला एक मीटर दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मोजलं. व्होल्टेज चांगलं दोनशे पंचवीस. बॅटरी मात्र तशीच रेंगाळत होती. दुपारी तोच चार्जर, तोच बोर्ड, आणि बॅटरी झरझर भरली. प्रिस्किला चक्रावली. सकाळी असं काय होतं, जे दुपारी नसतं?

ती ज्यांच्या घरी खोली घेऊन राहायची, त्या बुधीबाईंची शेळी त्याच आठवड्यात व्यायली. पहाटे एक करडू गारठून पडलं होतं. प्रिस्किला बाटलीत दूध घेऊन धावली, तर बुधीबाईंनी तिचा हात धरला.

"आत्ता नको, बाई. गार अंगात दूध गेलं तर पचत नाही, मरतं ते. आधी ऊब, मग दूध."

त्यांनी करडू लुगड्यात गुंडाळून पोटाशी धरलं. बऱ्याच वेळाने ते तोंड हलवू लागलं, तेव्हा कुठे बाटली दिली.

प्रिस्किला बघत राहिली. मग उठली आणि उपकेंद्रातून लसीच्या डब्यातला थर्मामीटर घेऊन आली. बॅटरी रात्रभर पडवीत स्कूटरमध्येच असायची. बॅटरीला टेकवून ठेवल्यावर पारा चार अंशांवर थांबला. बाहेर गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं.

तिने नासिरला फोन लावला. "नासिरभाई, बॅटरीला थंडी वाजते का हो?"

तो हसला. "थांबा, विचारून सांगतो."

संध्याकाळी त्याचा फोन आला. सुरतेच्या एका कारागिराने त्याला समजावलं होतं. चार्ज होताना लिथियम आतल्या थरात शिरतं. थंडीत ते हळू शिरतं. जोर केला तर आत न जाता वरच धातू होऊन साचतं आणि बॅटरी कायमची खराब होते. म्हणून बॅटरीतलं सर्किटच करंट कमी करतं.

"म्हणजे बिघाड नाही, ती स्वतःला जपते," प्रिस्किला म्हणाली.

त्या रात्री बॅटरी घरात आली. बुधीबाई ती चुलीजवळ ठेवू लागल्या, तशी प्रिस्किला ओरडलीच, "नको, तिथे पेट घेईल ती!" शेवटी घरात जिथे शेळ्या बांधायच्या आणि त्यांच्या अंगाची ऊब असायची, तिथल्या भिंतीला उंच फळी ठोकली. सकाळी थर्मामीटरने सोळा दाखवले आणि तासात बॅटरी भरली.

पण नासिरला चैन पडेना. नेमका कितव्या अंशाला करंट वाढतो? प्रिस्किला रोज बॅटरी वेगवेगळ्या जागी ठेवून त्याला आकडे कळवू लागली. पंधरा दिवसांत दोघांना उत्तर मिळालं. तिच्या बॅटरीचा भरण्याचा वेग दहा अंशांच्या आसपास बदलत होता.

आता डोंगरातून कुणी 'चार्जर बिघडला' म्हणत आलं, की नासिर स्क्रू खोलण्याआधी विचारतो, "गाडी रात्री कुठे उभी करता?"