खडूने आखलेली सावली

शिवणकाम करणाऱ्या ताईची खोली अगदी वरच्या मजल्यावर. गच्चीवर तिने भोपळ्याचा वेल मांडवभर पसरवला होता, म्हणून तर खाली भर दुपारी मशीन चालवता यायचं. वेल नसता तर घामाचे डाग पडून पांढऱ्या कापडाची पार वाट लागली असती. आणि आज सहा-सहा महिने न फिरकणारा धाकटा भाऊ, पेशाने वायरमन, कोयता घेऊन दारात हजर!

"ताई, गच्चीवर वीतभर उंचीची सोलर पॅनलं बसवतोय. कोळसा जाळून वीज किती दिवस वापरायची? पण पानांची सावली चालत नाही त्यांना. वेल काढावा लागेल."

"आणि खोली तापली की मी एसी लावायचा? म्हणजे तुझी सगळी वीज मलाच थंड करण्यात जाणार. शहाणाच आहेस!"

भावाने कोयता खाली ठेवला, पण पॅनलं जिन्यात येऊन पडली होती. ताईचा राग तसा नाकाच्या शेंड्यावर. तरी तिने एक दिवस मागून घेतला. कापड बेतल्याशिवाय कात्री लावणं तिला जमतच नसे. शिवणकामाचा खडू घेऊन ती तासातासाला सावलीची कड स्लॅबवर आखू लागली.

भाऊ सारखा मध्ये येऊन उभा राहायचा. कामाच्या नादात ताईने त्याचीही सावली आखून टाकली. वेलाशेजारी सुटलेल्या पोटाचा एक माणूस बेतला गेला, आणि दोघंही हसून बेजार झाली.

हसताहसता ताईचा अनवाणी पाय त्या पोटावर पडला. "अरे, इथे चटकाच बसत नाही! पॅनलं वीतभर उंचीवर कशाला? तुझ्याएवढी उंच उभी कर. खोलीवर सावली पडेल, खाली वेलाला कडेने ऊन मिळेल. तूच म्हणतोस ना, पॅनल तापलं की वीज घटते? पानांचा गारवा मिळेल त्यांना."

भाऊ डोकं खाजवत राहिला. "मला का नाही सुचलं?"

"तू बेतत नाहीस, थेट कापतोस."

पंधरा दिवसांत पॅनलं मजबूत, उंच पायांवर चढली. ताईचं मशीन त्याच विजेवर भर दुपारी धडधडू लागलं. भाऊ निघाला, तेव्हा तिने कोयता काही परत दिला नाही.

"शेंडे पॅनलांवर चढतात. दर रविवारी येऊन खुडत जा."

"अगं, शेंडे खुडायला कोयता कशाला लागतो?"

"कोयता नाही लागत," ताई म्हणाली, "तू लागतोस."